तेहतिसाव्या वर्षी पार्कूर? हो, पण गच्चीवर नको

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात:

वय ३३. कोथरूडला राहते, नोकरी बाणेरला, मुलगी चार वर्षांची. शाळेत खो-खो खेळायचे, जिल्हा पातळीपर्यंत गेले होते. दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. गेल्या हिवाळ्यात मुलीला बागेत नेलं होतं, तिथे काही मुलं पार्कूरचा सराव करताना दिसली. एका कट्ट्यावरून दुसऱ्या कट्ट्यावर उड्या, कठड्यावर हात टेकून अलगद पलीकडे. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. मुलं म्हणाली, "काकू, या ना, शिकवतो." पण ती एकोणीस-वीस वर्षांची, त्यांच्यात मी काय करू? नवरा म्हणतो, हात-पाय मोडून घेशील, मग घरचं कोण बघणार? सासूबाई काही बोलत नाहीत, पण चेहऱ्यावर दिसतं. मला वाटतं, आधी सहा महिने जिम लावून फिट व्हावं आणि मग बघावं. नाहीतर पहाटे कुणी नसताना सोसायटीच्या गच्चीवर व्हिडिओ बघून एकटीनेच सुरू करावं. खरं सांगायचं तर मी मुळात धाडसी नाही. शाळेत पोल डाइव्ह, म्हणजे खो-खोच्या खांबाला धरून सूर, मारतानाही पोटात गोळा यायचा. अशा बाईने या फंदात पडावं की सोडून द्यावं?

सप्रेम नमस्कार.

गच्चीचा बेत आजच्या आज रद्द करा. बाकी सगळ्याबद्दल सावकाश बोलू, पण यावर चर्चा नको. आपल्याकडच्या कितीतरी इमारतींच्या गच्चीवर चायना मोझॅक असतं आणि पहाटेच्या दवानेही ते निसरडं होतं. कठडा कंबरेपर्यंत, पलीकडे तीन-चार मजले. शिकताना चुका होणारच, त्या झाल्याशिवाय शरीर काही शिकत नाही. म्हणून जागाच अशी निवडायची की चुकलं तर फार तर गुडघा खरचटेल. गच्चीवर ती सोय नाही. शिवाय पहाटे एकटीचा घोटा मुरगळला, तर हाक मारली तरी ऐकायला कुणी नसतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझं मत विचाराल तर जरूर पडा या फंदात. पत्रातली ओढ खरी आहे. एक हिवाळा उलटून गेला तरी ती गेलेली नाही. पण तुम्ही काही गोष्टी धरून चालला आहात, त्या जरा तपासून बघू. कारण अशीच पत्रं मला चाळिशीतल्या पुरुषांकडून येतात, कॉलेजातल्या मुलींकडून येतात, आणि अडकलेले सगळे साधारण त्याच ठिकाणी असतात.

पहिली गोष्ट, पार्कूर म्हणजे उंचावरून उडी मारणं. हा समज व्हिडिओंमुळे झाला आहे. ज्या उडीला दहा लाख लोक बघतात, तिच्यामागचा कित्येक वर्षांचा सराव कुणी चित्रित करत नाही, केला तरी बघत नाही. त्या सरावात बहुतेक वेळ माणूस जमिनीपासून फूट-दोन फुटांवर असतो. तीच पायरी, तोच कठडा, पुन्हा पुन्हा.

याची मुळंही स्टंटबाजीत नाहीत. फ्रेंच नौदलातला जॉर्ज एबेर नावाचा अधिकारी १९०२ साली कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावर होता. त्या मे महिन्यात पेले ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि सां-पिएर हे अख्खं शहर जळून गेलं. बचावाच्या कामात असलेल्या एबेरच्या मनाने घेतलं की व्यायाम करायचा तो संकटात स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडावं म्हणून. धावणं, चढणं, उडी, तोल, ओझं उचलणं, चौपाया चालणं यांवर त्याने आपली व्यायामपद्धत उभी केली. फ्रेंच सैन्याच्या प्रशिक्षणात आलेल्या अडथळ्यांच्या शर्यतींवर तिचा मोठा प्रभाव पडला. पुढे रेमों बेल हा सैनिकी शिक्षण घेतलेला माणूस पॅरिसच्या अग्निशमन दलात नावाजला गेला. त्याचा मुलगा डेव्हिड आणि त्याचे सोबती पॅरिसजवळच्या लिस या उपनगरात १९८०च्या दशकाच्या अखेरीस सराव करू लागले. त्यांच्यातूनच १९९७ साली यामाकासी हा गट पुढे आला. सेबास्तियाँ फुकां त्याच मुलांमधला. २००३ साली लंडनच्या इमारतींवर चित्रित झालेल्या एका माहितीपटात तो होता आणि तिथून फ्री रनिंग हे नाव जगभर गेलं. ढोबळ फरक असा, की पार्कूरमध्ये इथून तिथे नेटकं आणि कमी श्रमात पोचायचं. फ्री रनिंगमध्ये कोलांट्या, गिरक्या, स्वतःची शैली. सुरुवातीला तुम्हाला या फरकाने काहीच फरक पडणार नाही. कोलांटउड्यांचा विचार वर्षभर तरी करू नका, आणि पुढेही गादी आणि शिकवणारा असल्याशिवाय नको.

आज हा खेळ म्हणूनही रुळला आहे. ब्रिटनने २०१७ साली त्याला अधिकृत मान्यता दिली. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने २०२२ साली टोकियोत त्याची जागतिक स्पर्धा भरवली, तिथे स्त्रियांच्या स्वतंत्र स्पर्धा होत्या. जुन्या मंडळींपैकी अनेकांना हे स्पर्धेचं वळण मुळीच रुचलेलं नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं, कारण शेजारचा किती लांब उडतो यावर डोळा ठेवून शिकणारेच आधी जायबंदी होतात.

एबेरची गोष्ट मी एवढी सांगितली ती तुमच्या यजमानांच्या प्रश्नासाठी. "घरचं कोण बघणार?" हा त्यांचा प्रश्न गंभीर आहे, तो झटकू नका. पण रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीची गोष्ट आपण मुलींना कौतुकाने सांगतो, ती घरच्या तान्ह्यासाठीच उतरली होती. कडे उतरा असं मी म्हणत नाही. मुलीला कडेवर घेऊन पावसात जिना उतरताना पाय सटकला तर सावरता येणं, चालत्या गर्दीत धक्का लागल्यावर तोल राखणं, पडलोच तर मनगट न मोडता पडणं, ही ताकद घर बघणाऱ्या माणसालाच आधी हवी. पार्कूर नीट शिकलं तर हीच ताकद मिळते.

दुसरी गोष्ट धाडसाची. पोटात गोळा येणं म्हणजे धाडस नसणं, हे तुम्ही कधीपासून धरून बसला आहात? खो-खोचे नियम १९१४ साली आपल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात बांधले गेले, त्या शहरात तुम्ही खो-खो खेळलात. भरधाव येऊन खांबाला हाताची पकड घालून अंग पुढे झोकून द्यायचं, खाली गादी नाही, मैदानाची माती. गोळा यायचा आणि तरीही तुम्ही सूर मारत होता. माझ्या मते पार्कूरला तुमच्यासारखीच माणसं लागतात. ज्याला काहीच वाटत नाही, त्याला शिकवताना उलट काळजी लागते.

भीती काय म्हणते ते ऐकून घ्यायची रीत आहे. समजा दोन कट्ट्यांमधलं अंतर चार फूट आहे आणि पाय उचलत नाहीये. मग खाली जमिनीवर खडूने चार फुटांवर दोन रेघा मारायच्या. एका रेघेवरून उडी मारून दुसऱ्या रेघेवर चवडे टेकवायचे आणि तिथेच थांबायचं. पुढे झोक जाऊन पाऊल पडलं, तर ती उडी धरायची नाही. दहापैकी सात वेळा जमलं, तर भीतीचं म्हणणं बरोबर होतं, कट्ट्यावर तीन वेळा पडला असतात. दहापैकी दहा वेळा जमलं, पायाला चिखल नाही, कट्टा पक्का आहे, तरीही भीती वाटते, तर त्या दिवशी कमी अंतराचे कट्टे शोधायचे. आणि मन घेतच नसेल तर घरी जायचं. उडी न मारता परत येणं हा सरावाचाच भाग आहे. चांगल्या गटात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

जिमचं काय? तुमचं अर्धं बरोबर आहे. ताकद हवीच. पण "आधी फिट होते, मग सुरू करते" यात एक अडचण आहे. जिममध्ये मांडीत जोर येईल, पण तोल, अंतराचा अंदाज, जमिनीवर टेकतानाची घडी यातलं काहीच तिथल्या मशिनवर येत नाही. सहा महिन्यांनी पाय दणकट झालेले असतील आणि उतरायचं कसं ते ठाऊक नसेल. मला तर हे जास्त धोक्याचं वाटतं. तेव्हा दोन्ही बरोबरीने करा. फी भरायचीच असेल तर भरा, नाहीतर घरात बैठका, भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून अर्धे दंड, एका पायावर उभं राहणं, पायरीच्या कडेवर चवडे उचलणं, बारला नुसतं लोंबकळणं, एवढं पुरे. दिवसभर लॅपटॉपवर असाल तर मनगटं आखडलेली असणार. हात जमिनीवर टेकून हळूहळू पुढे-मागे झुकत ती आधी मोकळी करा.

वय तेहतीस हे उशिराचं वय नाही, मात्र वीस वर्षांच्या मुलाचं वेळापत्रक तुमचं नाही, हे लक्षात ठेवा. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. टाचेच्या मागची, गुडघ्याखालची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, मात्र महिने घेते. दुसऱ्या महिन्यात आपण एकदम भारी झालो असं वाटू लागतं ते स्नायूंमुळे, आणि दुखणी नेमकी तेव्हाच लागतात. उड्यांचे दिवस आठवड्यातून दोनच ठेवा, मध्ये दोन दिवस जाऊ द्या. सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टाचेत दुखलं किंवा जिना उतरताना गुडघ्याची वाटी कुरकुरून दुखली, तर पुढच्या वेळी उड्या निम्म्या करा.

आता खरं शिकायचं ते. मला नव्याने येणारे सगळे उडी कशी मारायची ते विचारतात. मी सांगते, पहिला महिना उतरायचं.

थोडा हिशोब बघा. एक मीटर उंचीवरून खाली आलात, तर जमिनीला पाय लागताना वेग सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास असतो. पाय ताठ ठेवून तो वेग पाच-दहा सेंटिमीटरांत थांबवला, तर आपल्या वजनाच्या दहा ते वीस पट जोर अंगावर येतो. घोटा, गुडघा आणि खुबा असे तिन्ही मिळून अर्धा मीटर वाकत वाकत थांबलात, तर तोच जोर सरासरी वजनाच्या तिपटीवर येतो. माणूस तोच आणि उंचीही तीच. सगळी करामत थांबायच्या अंतराची आहे आणि ते तुमच्या हातात आहे.

म्हणून सोसायटीच्या जिन्याची शेवटची पायरी घ्या. सहा-सात इंच. पहिले काही दिवस अनवाणी, म्हणजे पावलाला कळतं. उडी मारू नका, नुसतं पाऊल पुढे काढून दोन्ही पाय एकदम खाली येऊ द्या. आधी चवडे टेकतील, मग टाच हलकेच येईल किंवा टेकायच्या आतच थांबेल. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकले पाहिजेत. ते एकमेकांकडे आत पडत असतील तर थांबा. बायकांमध्ये हे जास्त आढळतं आणि गुडघ्याच्या आतल्या अस्थिबंधाला (लिगामेंटला) ते घातक ठरतं. आरसा नसेल तर फोन समोर ठेवून बघा. मांड्या जमिनीला समांतर होण्याच्या जरा आधी थांबायचं, पार टाचांवर बसायचं नाही. छाती पुढे, हात समोर. आणि कान देऊन ऐका. फरशीवर धप्प आवाज आला म्हणजे शरीराने काहीतरी झेललं नाही. तुमच्या मुलीला शेजारी बसवा आणि आवाज आला की टाळी वाजवायला सांगा, ती हे काम अगदी मन लावून करेल. एका वेळी तीस-चाळीस वेळा उतरलात की पुरे. दोन-तीन आठवड्यांनी दोन पायऱ्या. मग बागेतलं बाक. पहिले तीन महिने गुडघ्याच्या वर जाऊच नका आणि वर्षभर छातीच्या वर नाही.

याच्या जोडीला चौपाया चालणं. हात आणि चवडे जमिनीवर, गुडघे दोन बोटं वर, उजवा हात आणि डावा पाय एकदम पुढे. घरातल्या पॅसेजमध्ये एक फेरी मारून बघा, दंड आणि पोट दोन्ही कसे थरथरतात ते. जमू लागलं की वेताळ टेकडीवरचा एखादा मऊ चढ घ्या, वर जाताना. खाली उतरताना मुरमावरून हात घसरतात, ते पुढे कधीतरी.

तोलासाठी आधी फरशीची सांधरेघ, मग फुलझाडांच्या वाफ्याची विटांची कड, मग फूटभर उंचीची रेलिंग. नजर पायाशी नको, पुढच्या टोकाला.

भिंत ओलांडायची पहिली रीत सगळ्यात सोपी आणि सगळ्यात उपयोगी. पहिले तीन महिने झाले की कंबरेइतका कट्टा घ्या, रुंद आणि पक्का. उजवा हात कट्ट्यावर, डावं पाऊल कट्ट्यावर, आणि उजवा पाय त्या दोहोंच्या मधून पलीकडे काढायचा. सुरुवातीला मध्येच अडकल्यासारखं होतं. मग कट्ट्यावर तसंच थांबा, तोल घ्या आणि सावकाश पाय काढा. वेग आपोआप येतो. दोन्ही बाजूंनी करा. आपली दुसरी बाजू किती ढ आहे ते बघून सगळ्यांनाच धक्का बसतो, पण अडचणीच्या वेळी कुठली बाजू पुढे येईल ते आपण ठरवत नसतो.

लोळण मात्र एकटीने व्हिडिओवरून शिकू नका. खांद्यापासून विरुद्ध बाजूच्या कुल्ह्यापर्यंत तिरकं लोळायचं असतं, उजवा खांदा तर डावा कुल्हा. मणका किंवा डोकं जमिनीला लागता कामा नये. सरळ कोलांटीची सवय असलेले लोक नेमके पाठीच्या कण्यावरून लोळतात आणि फरशीवर ते भारी पडतं. जुन्या तालमीतले वस्ताद पोराला आधी आखाड्यातल्या मातीत पडायला शिकवत. ताक, तेल, हळद घालून ती माती मऊ राखलेली असते, ते उगाच नाही. तुम्ही ज्युदोच्या किंवा जिम्नॅस्टिक्सच्या गादीवर शिका, गुडघ्यावर बसून सुरुवात करून. पुण्यात व्यायामाच्या संस्थांना तोटा नाही. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली स्थापन केलेलं महाराष्ट्रीय मंडळ आहे, पेठांमधून मल्लखांब शिकवणारी मंडळं आहेत. मोठ्या वयाच्या बायकांसाठी तुकडी आहे का, नसेल तर महिनाभर फक्त गादी वापरू द्याल का, असं सरळ जाऊन विचारा. समोर उभं राहून विचारणाऱ्या बाईला बहुतेक प्रशिक्षक मदत करतात.

जागेबद्दल. आपल्या शहरात फूटपाथवरचे पेव्हर ब्लॉक हा मोठा शत्रू. वरून सपाट दिसतात आणि पाय पडला की एक कोपरा वर येतो. उतरायच्या जागेवर आधी चालून बघा, प्रत्येक ब्लॉकवर टाच दाबा. कट्ट्याची वरची फरशी दोन्ही हातांनी हलवा, रेलिंगला अंग लावून ओढा, कंपाऊंडच्या भिंतीवर काचा रोवल्यात का ते हात घालण्याआधी डोळ्यांनी बघा. जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंतींवर शेवाळ धरतं. ते हिरवं दिसतं तेव्हा आपण सावध असतो, पण ऊन पडून काळं पडलेलं कळत नाही आणि पुढच्या सरीला ते साबणासारखं होतं. पावसाळ्यात पार्किंगमध्ये तोल, चौपाया आणि ताकद यांवरच भर द्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा, भिंतीवर बुटांचे डाग पडले तर पुसून घ्या. बागेत गेलात तर ज्येष्ठ मंडळींची बसायची वेळ सोडून जा.

आणि शनिवारवाड्याचा तट कितीही मोह पाडो, तिथे नाही. संरक्षित वास्तूचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी शेकडो वर्षांचा दगड आपल्या बुटांसाठी नाही. हे मी गडांवर जाणाऱ्या सगळ्या तरुण वाचकांनाही सांगते.

बूट साधे, सपाट, एकसंध रबरी तळ असलेले. पळायचे जाड गुबगुबीत तळाचे बूट नकोत, त्यात जमीन कळत नाही आणि कडेवरून पाऊल कलंडतं. ट्रॅक पँट घोट्यापर्यंतची घ्या, नडगी सोलवटण्यापासून वाचते. ओढणी नको. बांगड्या, मंगळसूत्र, अंगठी काढून ठेवा. अंगठी जाळीत किंवा खिळ्यात अडकून अंगाचं वजन तिच्यावर आलं तर बोटच जायबंदी होतं. जोडवीसुद्धा काढा. बुटात ती शेजारच्या बोटांना दाबतात आणि चवड्यावर उतरताना तिथे जखम होते. घरात यावरून शब्द निघेल असं वाटत असेल तर आधीच सांगून टाका, की आल्यावर पुन्हा घालणार आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण बाळंतपण झालेल्या अनेक जणींना ती अडवते आणि त्या कुणाला सांगत नाहीत. उडी मारताना, शिंकताना, धावताना थोडी लघवी होते. असं होत असेल तर लाजून खेळ सोडू नका आणि दुर्लक्ष करून उड्याही मारत राहू नका. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्याने बहुतेकदा हे होतं आणि नीट व्यायाम केल्यावर बऱ्याच जणींना चांगला फरक पडतो. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा यातली माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. तोवर उड्या बंद, पण तोल आणि भिंतीवरून सावकाश जाणं याला हरकत आहे का, ते त्यांनाच विचारा. दोन बाळंतपणांनंतर पोटाचे स्नायू मधून फाकले आहेत असं कळलेल्या वाचक मैत्रिणींनाही हेच सांगेन.

राहिली ती मुलं. "काकू, या ना" असं म्हणणारी मुलं मला आवडली. वयातलं अंतर तुम्हाला वाटतं तेवढं आड येत नाही, कारण कट्ट्यासमोर सगळे नवशिके सारखेच असतात. पण लगेच चपला काढून सुरू करू नका. मुलीला घेऊन जा, बाकावर बसा आणि त्यांचा एक पूर्ण सराव बघा. अंग गरम करायला ते वेळ देतात की आल्या आल्या उडी? नवीन मुलगा आला तर त्याला खालच्या पायरीवर नेतात की "कर रे, काही होत नाही" म्हणून ढकलतात? कुणी उडी सोडली तर बाकीचे काय बोलतात? उडी मारायच्या आधी कट्टा तपासतात का? आणि फोन बाहेर आला की त्यांच्या उड्या अचानक मोठ्या होतात का? हे शेवटचं मी फार बारकाईने बघते. उत्तरं बरी वाटली, तर त्यांच्यातल्या सगळ्यात शांत मुलाला सांगा, "मला महिनाभर फक्त उतरायला शिकायचंय आणि माझा व्हिडिओ काढायचा नाही." जो यावर हसणार नाही, तो तुमचा गुरू. उत्तरं बरी वाटली नाहीत, तर शाळेतल्या खो-खोच्या मैत्रिणींना फोन करा. दोघी-तिघी असाल तरी भागतं. त्यांच्या मनात काय दडलंय ते तुम्हाला कुठे ठाऊक आहे?

लोक बघतील. पहिल्या दोन-तीन वेळा कुणी तरी थांबून "काय चाललंय?" विचारेलच. "पायऱ्या उतरायला शिकतेय" असं सांगा आणि पुढची पायरी घ्या. त्यांना बघण्यासारखं फार काही नसतं.

यजमानांना पटवण्यासाठी वाद घालू नका. त्यांना एकदा जिन्याशी उभं करा, आधी त्यांना एक पायरी उतरायला सांगा आणि मग तुम्ही उतरून दाखवा. आवाजातला फरक त्यांना कळेल. काय दुखू शकतं तेही लपवू नका. नडगी खरचटते, तळहाताची सालं निघतात, घोटा मुरगळू शकतो, मनगट दुखतं. घोटा सुजला आणि चार पावलंही टाकता येत नसतील, तर शेकत बसायचं नाही, त्याच दिवशी एक्स-रे काढायचा, एवढं दोघांनी आधीच ठरवून ठेवा. कुठल्या उंचीच्या वर जाणार नाही तेही त्यांना सांगा आणि पाळा. सासूबाईंना काही पटवायची गरज मला दिसत नाही. मुलीला त्या तासात त्यांच्याजवळ ठेवणार असाल, तर वेळेवर परत या.

शेवटी मुलीबद्दल, कारण ती तुमची नक्कल करणार हे नक्की. चार वर्षांच्या मुलाला वेगळा वर्ग, वेगळे बूट काही लागत नाही. बागेतली घसरगुंडी, दोरीची जाळी, झाडाची खालची फांदी एवढं तिला पुरेल. नियम एकच ठेवा: जिथे ती स्वतःची स्वतः चढली, तिथूनच तिने उतरायचं. तुम्ही उचलून वर ठेवायचं नाही आणि उडी मार म्हणून खाली हात पसरून उभं राहायचं नाही. ती मध्येच अडकून रडायला लागली, तर जवळ जा, पाय कुठे ठेवायचा ते बोटाने दाखवा आणि ती खाली येईपर्यंत थांबा.